शेवटच्या दोन बांध्या

तीन वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरात मोहाडीजवळच्या एका गावात एका बाईचा धान माझ्यामुळे वाळला. मी त्या गावची नाही, शेती करत नाही, पाटबंधारे खात्याशी माझा काही संबंध नाही. मी कॉलेजात संगणक शिकवते. आणि तो धान वाळत होता त्या दिवसांत मी ज्या विषयाचे तास घेत होते, त्याचं नाव होतं 'संगणकीय नीतिमत्ता आणि सामाजिक जबाबदारी'. हे वाचून कुणाला हसू आलं तर येऊ द्या. मला अजून आलेलं नाही.

हा पेपर आमच्या विभागात कुणालाच नको होता. अभ्यासक्रम बदलला तेव्हा तो वरून आला, दोन क्रेडिटचा, आणि ज्याचे तास कमी भरतील त्याच्या गळ्यात पडायचा. त्या वर्षी माझे कमी भरले. विभागप्रमुख म्हणाले, "मॅडम, तुमचा आवाज चांगला आहे, तुम्हीच घ्या." नीतिमत्तेचा आणि आवाजाचा काय संबंध, असं मी सगळ्यांदेखत विचारलं, फाइल टेबलावर आपटली, आणि मग मुकाट सही केली. माझा राग असाच आहे. आवाज फार, काम शून्य.

शिकवत होते म्हणजे काय करत होते, तेही सांगून टाकते. मी नोट्स सांगायचे. प्रामाणिकपणा, पारदर्शकता, उत्तरदायित्व, गोपनीयता, समानता. प्रत्येकाखाली एक व्याख्या आणि दोन उदाहरणं. उदाहरणं सगळी सातासमुद्रापलीकडची, कुठल्या तरी मोठ्या कंपनीनं लोकांची माहिती विकली वगैरे. मुलं भराभर उतरवून घेत. समोर बसलेली निम्मी मुलं सकाळी गोठा साफ करून एसटी पकडून आलेली असत, आणि मी त्यांना समुद्रापलीकडच्या लबाड्या सांगत असे. कुणी मान वर करून काही विचारत नसे. खरं सांगते, मला ते सोयीचंच होतं.

पेपरला पन्नास गुणांचा प्रकल्प होता. समाजाला उपयोगी पडेल असं काहीतरी बनवायचं. बहुतेक गटांनी दरवर्षीप्रमाणे ग्रंथालयाचं ॲप आणलं. एकच मुलगी वेगळं घेऊन आली. तिसऱ्या बाकावरची, वहीत रेघा पट्टीनं मारणारी, बोलताना ओढणीचं टोक बोटाला गुंडाळणारी. ती स्टाफरूमच्या दारात उभी राहून म्हणाली, "मॅडम, माझे बाबा पाणकर आहेत. त्यांच्यासाठी काही केलं तर चालेल का?"

पाणकर म्हणजे गावतलावाच्या पाण्याची वाटणी करणारा माणूस. आमच्याकडे जुन्या मालगुजारांच्या काळातले तलाव गावोगाव आहेत. पाऊस सरला आणि धान लोंबीवर आला की त्याला शेवटची दोन-तीन पाणी लागतात, ती तलावातून द्यायची. पाणकर पाळीप्रमाणे तलावाचं तुडूम, म्हणजे पाणी सोडायचं दार, उघडतो आणि बंद करतो. आज याच्या बांध्या, म्हणजे धानाचे बांध घातलेले तुकडे, उद्या त्याच्या. गाव त्याला नेमतं आणि गावच त्याला शिव्या घालतं, कारण प्रत्येकाला आपलीच पाळी लहान वाटते. मुलगी म्हणाली, "लोक बाबांना वाट्टेल ते बोलतात, मॅडम. तुम्ही अमक्याला जास्त दिलं, तमक्याला कमी दिलं. बाबा घरी येऊन गप्प जेवतात. पाळी मोबाइलमध्ये आली, सगळ्यांना मिनिटं दिसली, तर कोणी बोलणार नाही ना?"

मला ती कल्पना फार आवडली. त्या पेपरात पहिल्यांदाच काहीतरी जिवंत माझ्यासमोर आलं होतं.

रोवणी, म्हणजे धानाची लावणी, आटोपल्यावर, ऑगस्टच्या शेवटी, मी तिच्या गावी गेले. एसटीनं मोहाडी, पुढे ऑटो. तिचे वडील पाळीवर वाट पाहत होते. तिकडे तलावाच्या बांधाला पाळ म्हणतात. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, खांद्यावर दुपट्टा. बारीक, उन्हानं काळा पडलेला माणूस. त्यांनी मला सगळं गावशिवार फिरवून दाखवलं. कोणती बांधी उंचावर आहे, कुठली माती पाणी लवकर पिते, कुठं खेकड्यांनी भोकं पाडलीत म्हणून तिथं पाट रोज पाहावा लागतो. माणूस बोलत नव्हता, वाचत होता. डोळ्यांपुढे उघडं पुस्तक असल्यासारखा. मुलगी मागून वही घेऊन चालत होती आणि एकेक आकडा टिपत होती. मध्येच ते तिच्याकडे वळून म्हणत, "हे लिवलं का?" आणि तिनं हो म्हटलं की त्यांच्या चेहऱ्यावर जे काही उमटे, ते पाहून मला माझे वडील आठवले. शिकलेल्या लेकीनं आपलं काम वहीत लिहून घ्यावं, याचं सुख त्या माणसाला लपवता येत नव्हतं.

शेवटी आम्ही पाटाच्या टोकाला पोचलो. यादीतली शेवटची बांधी तिथं संपत होती. त्यापुढे नाल्याच्या काठाला आणखी दोन लहानशा बांध्या होत्या. मी विचारलं, या कुणाच्या? ते म्हणाले, "हे यादीत नाई येत." मी पुढं विचारलं नाही. यादीत नाही म्हणजे माझ्या कामाचं नाही.

"आणि तुडूम बंद कधी करता?" मी विचारलं.

"पाळी सरली का करतो बंद." मग दुसरीकडे पाहत ते म्हणाले, "रोजच्या शेवटच्या पाळीचा टाइम जरासा ढिल्ला ठेवा ना, मॅडम."

"ढिला म्हणजे किती?"

"थोडा."

"का पण?"

"पाणीच हाये ना जी ते. थोडंसं मागंपुढं होतेच."

मी हसले. वर्गात एखादं पोरगं चुकलं की मी जशी हसते तशीच. "काका, संगणकाला थोडं समजत नाही. मिनिटं सांगा. पंधरा? वीस?"

त्यांनी मुलीकडे पाहिलं. ती पेन घेऊन तयार होती. तिच्याकडे पाहतच ते म्हणाले, "मंग बरोबर टाइमावर लिवा."

आणि आम्ही बरोबर वेळेवर लिहिलं.

त्यात माझी म्हणून एक भर होती. मुलीनं फक्त पाळीची यादी आणि वेळ दाखवायची सोय केली होती. मी म्हटलं, नुसत्या यादीनं भांडण मिटत नाही. तुडूम उघडताना आणि बंद करताना मोबाइलनं फोटो काढायचा, त्यावर वेळ आपोआप उमटेल, आणि तो फोटो थेट गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाईल. म्हणजे कुणाला शंकाच नको. "याला म्हणतात पारदर्शकता," मी म्हणाले. ती खुदकन हसली. नोट्समधला शब्द असा हातात धरता येतो, हे तिला नवीन होतं. मलाही होतं.

गावात ॲप दाखवलं तेव्हा पाणीवाटप समिती खूश झाली. कॉलेजात प्रदर्शन भरलं, त्यात पाहुण्यांनी मुलीला शाल आणि नारळ दिला. मी पन्नासपैकी पन्नास गुण दिले. इतक्या वर्षांत तसे गुण मी कुणाला दिले नव्हते. समितीनं वडिलांना एक मोबाइल घेऊन दिला, आणि मुलीनं त्यांना फोटो कसा काढायचा ते शिकवलं. मलाही त्या ग्रुपमध्ये घेतलं होतं. ऑक्टोबरात पाळ्या सुरू झाल्या आणि माझ्या फोनवर रोज दोन फोटो येऊ लागले. उघडं तुडूम, बंद तुडूम. खाली लोकांचे अंगठे. एकदा चार मिनिटं उशीर झाला तर तीन जणांनी विचारलं, काहून उशीर? दुसऱ्या दिवसापासून एकाही मिनिटाची चूक नाही. पाळ्या संपल्यावर समितीच्या अध्यक्षांनी लिहिलं की यंदा तलावात हातभर पाणी जास्त शिल्लक आहे, मॅडमचे आणि पोरीचे आभार.

तो संदेश मी वर्गात वाचून दाखवला. समुद्रापलीकडचं उदाहरण खोडून मी तिथं हे घातलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. तिसऱ्या बाकावरची जागा त्या दिवशी रिकामी होती, आणि माझ्या ते लक्षातसुद्धा आलं नाही.

ती चार दिवसांनी आली. मधली सुट्टी होती, मी डबा उघडला होता. बस म्हटलं तर बसली नाही.

"मॅडम, शेवटची पाळी झाली की पाणी कुठं जातं?"

"कुठं जाणार? दार बंद होतं."

"आधी कुठं जात होतं?"

मला प्रश्न कळला नाही. मग तिनं सांगितलं. आदल्या आठवड्यात एक बाई तिच्या घरच्या दाराशी येऊन उभी राहिली होती. नाल्याकाठच्या त्या दोन बांध्या तिच्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी लग्न होऊन दूर दिलेली. सासऱ्यानं तोंडी दिलेला तो तुकडा, कागदावर कुठं नाव नाही, तलावाच्या पाण्यावर हक्क नाही. ती लोकांच्या शेतात रोवणीला जायची आणि सगळ्यांचं झालं की शेवटी आपल्या दोन बांध्या लावायची. वर्षभर खायचा तांदूळ त्यातच निघायचा. ती दाराशी उभी राहून मुलीच्या वडिलांना एवढंच म्हणाली होती, "भाऊ, यंदा पाणी नाई येऊन राहिलं." आणि वडील म्हणाले होते, "पाहतो." पण त्यांनी काही पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशीही तुडूम वेळेवर बंद झालं आणि फोटो ग्रुपवर आला. आता पाळ्या संपल्या होत्या.

"बाबा जेवत नाहीत, मॅडम," ती म्हणाली. "विचारलं तर बोलत नाहीत. ॲपमध्ये काहीतरी चुकलं आहे आपलं."

आपलं, असं ती म्हणाली. मी डबा बंद केला.

शनिवारी मी तिच्यासोबत गेले. गावचा बाकी धान पिवळा होऊन वाकलेला होता, कापणीला आलेला. त्या दोन बांध्यांतला धानही पिवळा होता, पण ताठ उभा. दाण्याचं वजन नसलं की लोंबी वाकत नाही, हे मला तिथं कळलं. खालची जमीन इतकी भेगाळली होती की बोट आत जाईल. ती बाई धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसली होती. तिनं एक लोंबी ओढून तळहातावर चोळली आणि फुंकर मारली. सगळं उडून गेलं. हातावर काही उरलं नाही.

"तुमीच का त्या मॅडम?" ती म्हणाली. "पोरगीले लय चांगलं शिकवलं तुमी. शालीचा फोटो पाह्यला मी तिचा."

टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं. ती मनापासून बोलत होती. मी काहीतरी पुटपुटले, की चूक झाली, आम्ही दुरुस्त करू, समितीपुढे मांडू. ती लगेच उठून उभी राहिली.

"नोका मांडू कोठं. गेला तं गेला धान. पुढच्या साली पाहू. अन् भाऊचं नाव तं बिलकुल नोका घेऊ."

मी मान हलवली. तिला वाटलं मला समजलं. मला वाटलं बिचारी घाबरते आहे, आणि गरिबांनी असं घाबरू नये म्हणून तर आम्ही शिकवतो. माझ्या आयुष्यातला सगळ्यात मूर्ख विचार कोणता असं कुणी विचारलं तर मी हा सांगेन.

समितीची बैठक रविवारी सकाळी ग्रामपंचायतीच्या खोलीत होती. मला पाहुणी म्हणून प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं. मुलगी उभी राहिली. तिनं नीट तयारी केली होती. प्रोग्राममध्ये आमच्याकडून एक गोष्ट सुटली, ती म्हणाली, शेवटच्या पाळीनंतर पंधरा मिनिटं त्या दोन बांध्यांसाठी धरावी, यादीत तशी एक ओळ वाढवावी.

समितीचे अध्यक्ष म्हातारे आणि शांत गृहस्थ होते. वाईट माणूस नव्हता तो, हे मला लिहिलंच पाहिजे. ते म्हणाले, "पोरी, त्या बांध्या तलावाच्या हक्कात नाईत. आज तुही पंधरा मिनिटं यादीत लिवली, तं उद्या नाल्यापावतर जेवढे हायेत तेवढे समदे येतीन. त्याइले काय सांगू?"

"पण काका, आजपर्यंत त्यांना पाणी मिळत होतं. दरवर्षी त्यांचा धान होत होता."

"कोठून भेटे?"

मुलगी वडिलांकडे वळली. ते दाराजवळ, चपला काढल्या होत्या तिथं, खाली बसले होते. "बाबा, तुम्ही सांगा ना. तुम्हाले ठाऊक असन. खरं काय ते सांगा."

तेव्हा मला कळलं. एका क्षणात सगळं कळलं, ढिल्ला, थोडा, भाऊचं नाव नोका घेऊ. मला काहीही बोलता आलं असतं. नाल्याला पाणी होतं म्हणता आलं असतं, परतीचा पाऊस चांगला व्हायचा म्हणता आलं असतं. पाहुण्या मॅडमचं बोलणं कुणी खोडलं नसतं. मी बोलले नाही. कारण ती मुलगी तिथं उभी राहून जे करत होती, ते अगदी मी शिकवलं तसंच होतं, आणि मला, शरम वाटते लिहायला, तिचा अभिमान वाटत होता.

वडील उठले.

"मी बंद नोहतो करत," ते म्हणाले.

"काय बंद नोहते करत?"

"तुडूम. शेवटची पाळी सरली का थोडा येळ चालूच ठेवो. पाटातलं पाणी खाली जाये."

"कवापासून?"

"तिचा घरवाला गेला तवापासून."

कुणीतरी मागून म्हणालं, "मंजे इतके सालं आमचं पाणी चोरलं." आवाज चढला नाही. कुणी खुर्चीवरून उठलं नाही. भांडण झालं असतं तर कदाचित मिटलंही असतं. अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "तुमी मागतलं असतं तं आमी नाई म्हटलं असतं का?"

"मागतलं असतं तं भेटलं नसतं," वडील म्हणाले. "आताच तं नाई म्हटलं तुमी."

अध्यक्षांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. दहा मिनिटांत ठरलं. पुढच्या हंगामापासून पाणकर दुसरा पाहायचा. तसंही आता सगळं मोबाइलवर आहे, एकजण म्हणाला, दार फिरवायले कोणीबी चालते. माझ्याकडे पाहून तो आदरानं हसला. त्या ॲपचं कौतुकच होतं ते.

परत येताना आम्ही पाळीवरून चालत होतो. मुलगी बरीच पुढे निघून गेली होती, पाठीला दप्तर, मान खाली. वडील माझ्यासोबत होते. मोबाइल त्यांनी खोलीतच टेबलावर ठेवून दिला होता. मला रडू येत होतं आणि स्वतःचा इतका संताप आला होता की तो मी त्यांच्यावरच काढला. "काका, ऑगस्टमध्येच मला सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? मी विचारलं होतं तुम्हाला. दोनदा विचारलं होतं."

ते चालत राहिले. मग म्हणाले, "कसा सांगू जी? पोरगी रोज संध्याकाळी तुमच्या नोट्स वाचे. मोठ्यानं वाचे, तिले तसंच पाठ होते. लपवून काई करू नोका, जे करान ते समद्याइले दिसलं पायजे, असं वाचे. मी चाय पेत आयको. तिच्यासमोर कसा सांगू, का तुहा बाप इतके सालं लपवूनच करून राहिला म्हणून?"

ते वाक्य माझं होतं. तसं लिहिलेलं मी कुठंतरी वाचलं होतं आणि एका तासात चाळीस वह्यांत उतरवलं होतं, फॅनच्या आवाजावर आवाज चढवून. त्या चाळीस वह्यांपैकी एक वही एका घरात रोज संध्याकाळी वाचली जात होती, आणि गावातला एक भला माणूस ती ऐकत ऐकत स्वतःला चोर समजू लागला होता. मी हात जोडले. ते गडबडून म्हणाले, "असं नोका करू, मॅडम, तुमी तं शिकवणारे." मला त्याहून जास्त कुणी कधी मारलेलं नाही.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण सांगण्यासारखं फारसं नाही. मी पुढच्या उन्हाळ्यात समितीला भेटले, अर्ज लिहून दिला, तहसिलात जाऊन त्या तुकड्याचं काही होतं का विचारलं. हक्क नाही, एवढंच सगळीकडे सांगण्यात आलं, आणि सगळे माझ्याशी सौजन्यानं वागले. ॲप बंद करा म्हटलं तर गाव म्हणालं, कशाला, भांडणं मिटली आहेत. ते खरं होतं. भांडणं मिटली होती. त्या बाईनं पुढच्या वर्षी दोन बांध्या लावल्या नाहीत, आणि त्याच्या पुढच्या वर्षी ती मुलीच्या सासरी राहायला गेली. गेल्या वर्षी मी पाहिलं तेव्हा तिथं नुसतं गवत होतं. वडील तुमसरच्या बाजूला एका राइस मिलमध्ये पोती उचलायला जातात.

पेपर अजून माझ्याकडेच आहे. आता कुणी तो घेतो म्हटलं तरी मी देत नाही. नोट्स मी सांगत नाही. गावाचं नाव न घेता ही हकीकत सांगते आणि मुलांना विचारते, कुणाचं चुकलं? ती एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. कुणी म्हणतं अध्यक्षांचं, कुणी म्हणतं वडिलांचं, त्यांनी लपवलं म्हणून. एकदा एका मुलानं हात वर केला आणि विचारलं, "मॅडम, परीक्षेत आलं तर यात काय लिहायचं?" मी म्हटलं, मला माहीत नाही. विभागप्रमुखांकडे तक्रार गेली की मॅडम विषय पूर्ण करत नाहीत. मी फाइल आपटली नाही. मी नुसतं हो म्हणाले.

ती मुलगी प्रथम श्रेणीत पास झाली. नागपुरात एका कंपनीत आहे. या जूनमध्ये कागदपत्रांवर सही घ्यायला कॉलेजात आली होती. चांगली दिसत होती, केस कापलेले, हातात घड्याळ. मी चहा मागवला. कामाबद्दल बोललो, खोलीबद्दल बोललो, खानावळीबद्दल बोललो. आम्ही दोघींनी बराच वेळ तो विषय टाळला. मग मीच विचारलं, बाबा कसे आहेत?

"बरे आहेत. माझ्याशी बोलतात, मॅडम. मी सुट्टीत घरी गेले की सगळं बोलतात." तिनं कप खाली ठेवला. "नव्या पाणकराला जमत नाही. वरच्या बांध्यांत पाणी चढतच नाही म्हणे. बाबा ते कसं चढवायचे, मला आठवेना. लहानपणी मी त्यांच्यामागे फिरायचे तेव्हा ते न विचारता सांगायचे. या वेळी मी विचारलं, बाबा, ते कसं करत होते तुम्ही? तर म्हणाले, तुले नाई सांगत मी. तू लिवून ठेवशीन."

मला वाटलं थट्टेनं म्हणाले असतील. "हसत म्हणाले का गं?" मी विचारलं.

"नाही, मॅडम," ती म्हणाली. "घाबरून म्हणाले."